दया हे दुबळेपण नव्हे

महूला पोस्टिंग झालं की सुट्टीच्या दिवशी इंदूर ठरलेलंच. राजवाडा, सराफ्यातली खाऊगल्ली आपल्याला पाठ असते. त्याच इंदूरच्या परिसरात घडलेली एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. उदयनगर भागातल्या गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडवायचं त्यांचं काम अनेकांच्या डोळ्यांत खुपत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूने हल्ला झाला. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. वय ४१. मारेकऱ्याला जन्मठेप झाली.

२००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी तुरुंगात गेली आणि तिने त्याच माणसाला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला, आणि केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला.

माझे निवृत्त मित्र विचारतील, खुन्याला राखी? मग कायदा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण इथे कायदा कुणी अडवला नाही. खटला चालला, शिक्षा झाली, त्याने अकरा वर्षं तुरुंगात काढली. दया न्यायाच्या आड आली नाही, न्यायानंतर आली. आणि ती फक्त त्या घरालाच करता येत होती. तुमच्या-माझ्या माफीला काय किंमत? आपलं काही गेलेलंच नव्हतं.

शस्त्र टाकलेल्या शत्रूला कसं वागवायचं हे आपल्याला माहीत आहे. १९७१ मध्ये सुमारे ९३,००० युद्धकैदी आपण सांभाळले. जिनिव्हा करार सांगतो, कैद्याला मारू नका, जेवण द्या, जखमेवर इलाज करा. पण त्याला भाऊ म्हणा, असं कुठलाही करार सांगू शकत नाही. ख्रिस्ती वाट तिथून पुढे सुरू होते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागतानाच, आम्हीही इतरांना क्षमा केली आहे, असं म्हणावं लागतं. मत्तयच्या शुभवर्तमानात एका चाकराची गोष्ट आहे. धनी त्याचं डोंगराएवढं कर्ज माफ करतो, आणि तो बाहेर पडताच किरकोळ रकमेसाठी सोबत्याचा गळा धरतो. थोडक्यात, दया ही भक्तीला लावलेली झालर नाही, तीच भक्तीची कसोटी आहे.

म्हणून दया म्हणजे मनात आपोआप दाटून येणारा उमाळा, असं मला वाटत नाही. तुरुंगाच्या फाटकापर्यंत चालत जावं लागतं, अर्जावर सही करावी लागते. सेल्मींना तिथवर पोचायला सात वर्षं लागली. हे दुबळ्याचं काम नव्हे.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना चर्चने 'धन्य' घोषित केलं. आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाही. पण पेन्शनीत गेल्यावरही वीस वर्षांपूर्वीच्या एसीआरवरून जुन्या सीओंचं नाव न घेणारे, बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी एक फोन करायला हरकत नाही.