पोराला आयटीआयला घालू का?

हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी विचारला गेला असणारच. सोसायटीचा वॉचमन विचारतो, गावाकडचे काका फोनवर विचारतात, ऑफिसच्या कॅबचे ड्रायव्हरमामा सिग्नलला थांबले की विचारतात. "साहेब, तुम्ही कंप्युटरमधले. पोराला दहावीला साठ टक्के पडलेत. कशाला घालू?" आणि आपण सॉफ्टवेअरवाले काय करतो? जे माहितीये ते ठोकून देतो. "सायन्सला घाला, मग इंजिनियरिंगचं बघू", नाहीतर "एखादा जावाचा कोर्स लावून टाका". आयटीआयचं नाव निघालंच तर आपला आवाज जरा खाली जातो, जणू दवाखान्यातला वाईट रिपोर्ट वाचून दाखवतोय.

मंडळी, सल्ला फुकट असतो, पण तो आपल्यासाठी. समोरच्याची त्यात तीन-चार वर्षं आणि घरातलं किडूकमिडूक जातं. म्हणून आज जरा सीएनसी मशीन, टर्नर-मशिनिस्ट आणि आयटीआय या विषयावर. माझं मत आधीच सांगून टाकतो: आयटीआयला घालणं वाईट नाही, वाईट आयटीआयला घालणं वाईट. आणि चांगलं-वाईट ओळखायची खूण नव्या कोऱ्या मशीनमध्ये नसते.

आपला लाडका गैरसमज असा, की सीएनसी म्हणजे कंप्युटर, म्हणजे सगळं तोच करतो, माणसाने फक्त बटण दाबायचं. आता गंमत बघा. एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन १९५२ साली चालवून दाखवलं गेलं, पंच केलेल्या टेपवर. फोरट्रान आली १९५७ साली. म्हणजे मशीनला धातू कापायचे हुकूम टेपवर लिहून देणारी ही मंडळी आपल्या पहिल्या नावाजलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेपेक्षाही जुनी. आपण त्यांना 'कामगार' म्हणतो आणि स्वतःला 'इंजिनियर'. असो.

प्रोग्रॅम बघितलात तर पाच मिनिटांत कळेल. जी०० म्हणजे टूल वेगात न्या, जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत कापत न्या, जी०२ आणि जी०३ म्हणजे गोलाईत, एम०३ म्हणजे स्पिंडल फिरवा, एम३० म्हणजे खेळ खल्लास. ना क्लास, ना इन्हेरिटन्स. "एवढंच?" असं वाटेल. हो, एवढंच. फक्त इथे अनडू नाही. बऱ्याच कंट्रोलवर, सेटिंग तशी असेल तर, एक्स५० च्या पुढे दशांश चिन्ह द्यायचं विसरलात की मशीन त्याचा अर्थ ५० मिलिमीटर न घेता ५० मायक्रॉन घेतं. म्हणजे ०.०५ मिलिमीटर. टूल सुसाट मधोमध घुसतं आणि जॉब, इन्सर्ट, कधीकधी स्पिंडलसुद्धा, सगळ्याचा हिशोब एका टिंबापायी होतो. आपल्याकडे फार तर बिल्ड मोडतो.

पण प्रोग्रॅम हा सोपा भाग आहे. अवघड भाग धातूचा.

समजा ५० मिलिमीटर व्यासाचा बार १५० मीटर प्रतिमिनिट वेगाने कापायचाय. गणित केलं की स्पिंडलचे फेरे येतात मिनिटाला साधारण ९५५. व्यास कापत कापत २५ वर आला की तोच वेग राखायला १९१० लागतात. हे काम जी९६ दिलं की मशीन आपोआप करतं. पण १५० हा आकडा कुठून आणायचा? तो धातूवर, टूलवर, कूलंटवर, जॉब चकमधून किती बाहेर आलाय यावर ठरतो. साध्या स्टीलची सवय असलेल्या पोराने स्टेनलेसवर घाबरत घाबरत बारीक कट घेतला, तर टूल कापायच्या ऐवजी घासतं, वरचा थर आणखी कडक होतो आणि पुढचा कट आणखी त्रास देतो. तिथे जरा धीट कट घ्यावा लागतो. हे प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलेलं नसतं. ते आवाजावरून, चिपच्या रंगावरून आणि वळणावरून कळतं, आणि कळायला मशीनपाशी उभं राहावं लागतं.

आता मोजमाप. बेअरिंग बसवायचं १०० मिलिमीटरचं बोअर आहे, ड्रॉइंगवर एच७ लिहिलंय. म्हणजे माप १००.००० ते १००.०३५ च्या आत हवं. ३५ मायक्रॉन म्हणजे डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर अर्धा केस. स्टीलचा जॉब मशीनवरून उतरला तेव्हा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम आहे. १०० मिलिमीटरला १० अंशांत स्टील ११-१२ मायक्रॉन वाढतं. पोराने गरमागरम मोजलं, १००.००५ आलं, "ओके" म्हणून पेटीत टाकलं. गार झाल्यावर तेच माप ९९.९९३. बेअरिंग बसायला नको म्हणतं. मशीन चुकलं नाही, प्रोग्रॅम चुकला नाही. 'लोखंड गरम झालं की वाढतं' हे वाक्य त्या पोराने आठवीत पाठ केलं होतं, पण हातात मायक्रोमीटर घेऊन त्याचा अर्थ त्याला कुणी दाखवला नव्हता.

प्रशिक्षणाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

शॉपवर साधारण तीन पायऱ्या असतात. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब काढतो, गेज लावून बघतो. सेटर जॉ बसवतो, टूल ऑफसेट घेतो, पहिला पीस पास करून देतो, माप सरकायला लागलं की का सरकतंय ते शोधतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंग वाचून कोणत्या क्रमाने, कशाने, कुठे धरून कापायचं ते ठरवतो. काही महिन्यांच्या झटपट कोर्सातून बाहेर पडतो तो पहिल्या पायरीवरचा माणूस. आणि जॉब उचलून ठेवणारा रोबो किंवा गँट्री लोडर आला की पहिला घरी जातो तोही हाच. म्हणजे आपण पोरांना नेमकं तेच काम शिकवतोय जे मशीन सगळ्यात आधी शिकणार आहे. याला 'स्किल' म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

उलट दोन वर्षांचा टर्नर किंवा मशिनिस्टचा ट्रेड नीट शिकवला तर पोरगा पुढच्या पायऱ्या चढू शकतो. २०२२ साली सुधारलेल्या अभ्यासक्रमात वर्षाला प्रॅक्टिकलचे ८४० तास आहेत. दोन वर्षांचे १६८०. थोडेथोडके नाहीत. त्यात सुरुवातीला कानस चालवणं, हॅकसॉ, साधा लेथ हे सगळं येतं आणि सीएनसी नंतर येतं. यावर आपल्यासारख्यांचा ठरलेला आक्षेप: "सीएनसीच्या जमान्यात कानस कशाला घासायची?" अहो, साध्या लेथवर हँडल फिरवताना कट जास्त झाला की ते हाताला कळतं. टूल बोथट झालं की मनगटाला कळतं. सीएनसीचा दरवाजा बंद असतो आणि आत कूलंटचा धबधबा. ज्याच्या हाताने एकदा तो जोर ओळखलाय त्यालाच बाहेरून आवाज ऐकून आत काय चाललंय ते समजतं. कानस काही पोट भरण्यासाठी शिकवत नाहीत.

पण कागदावरचे तास वेगळे आणि हाताला मिळालेले वेगळे. साधा हिशोब करा. २० मुलांची तुकडी, एकच सीएनसी मशीन. समजा त्या मशीनला वेळापत्रकात १२० तास ठेवले. तर एका मुलाच्या वाट्याला आले सहा तास. त्यात वीज गेली, इन्सर्ट संपले, "मशीन महाग आहे, हात लावू नका" असं झालं, की उरलं काय? फळ्यावरचा जी-कोड. पोहायचं पुस्तक वाचून विहिरीत उडी.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये १००० सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. प्रशिक्षकांना शिकवण्याचंही त्यात आहे. स्वागतच आहे. पण आपल्याकडची सवय माहितीये ना? मशीनचं उद्‌घाटन करता येतं, फोटो काढता येतो. इन्सर्टच्या डब्याचं, कूलंटच्या ड्रमचं, चांगल्या मास्तरच्या पगाराचं उद्‌घाटन होत नाही. माझं मत विचाराल तर, एक मशीन कमी घ्या पण दहा वर्षं शॉपवर काढलेला एक सेटर मास्तर म्हणून आणा, आणि मुलांना मोडायला पुरेसं टूलिंग द्या. टूल न मोडता कुणी टर्नर झालेला नाही.

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धं देतात. तिथे असा मशिनिस्ट घडायला साडेतीन वर्षं लागतात. काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत, आणि या काळात कंपनी त्याला पैसे देते. परीक्षा उद्योगांच्या चेंबरमार्फत होते. पुढे 'माइस्टर' होता येतं आणि त्या शब्दाला गावात मान असतो. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. जर्मनीची प्रथा जुनी असली तरी तिथला आजच्या व्यवस्थेचा कायदा १९६९ चा! कमी आहे ती दानत. २०१९ च्या नियमांत अ‍ॅप्रेंटिसला किमान विद्यावेतन ठरलं ते ५ ते ९ हजारांच्या दरम्यान. भोसरीत किंवा चाकणला एका खोलीचं भाडं देऊन त्यात काय उरतं, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. त्यात काही ठिकाणी अ‍ॅप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला ऑपरेटर. वर्षभर एकाच मशीनवर एकच जॉब. शिकणं शून्य.

आता कारखानदारांची बाजू. भोसरीत छोटं शॉप चालवणारा माझा एक मित्र नेहमी वैतागतो, "अरे, सहा महिने शिकवतो आणि हजार रुपयांसाठी समोरच्या गाळ्यात जातात." खरंय, लहान माणसाला हे परवडत नाही. पण आपल्या धंद्यात तीस टक्के हाईकसाठी उडी मारली की त्याला 'करियर' म्हणतात, आणि टर्नरने मारली की 'नमकहरामी'! ऑपरेटर आणि सेटरच्या पगारात नाव घेण्यासारखा फरकच ठेवला नाही तर कोण कशाला थांबेल? "कुशल माणूस मिळत नाही" या वाक्यात बऱ्याचदा "या पगारात" हे दोन शब्द गाळलेले असतात. शिरोली, सातपूर, वाळूज, कुठेही जा, हेच ऐकू येतं.

बरं, यातलं कटू सत्य लपवायचं कारण नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो, कंत्राटी नोकरी असते, बारा तासांची शिफ्ट असते, लग्नाच्या बाजारात भाव नसतो. हे सगळं त्या बापाला सांगायचंच. पण त्याच दमात हेही सांगायचं, की दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाची. संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम किंवा १९५९ पासूनची एनटीटीएफ यांच्यासारख्या संस्था टूल-डायचं काम शिकवतात. आणि कुठल्याशा कॉलेजातून चार वर्षांनी बॅकलॉग घेऊन बाहेर पडलेल्या मेकॅनिकलवाल्यापेक्षा ड्रॉइंग वाचून पहिला पीस पास करणारा बावीस वर्षांचा सेटर कैक पटीने बरा. ही माझी भावनिक बडबड नाही. शॉपवर कुणालाही विचारा.

तेव्हा कुणी विचारलंच तर "आयटी कर" किंवा "आयटीआय कर" असं ठोकून देऊ नका. बापलेकाला घेऊन त्या संस्थेत एक चक्कर मारा. शनिवारची सकाळ जाईल, जाऊ दे. तिथे गेल्यावर हे विचारा: एका मशीनवर किती मुलं? मुलाला स्वतः प्रोग्रॅम लिहून, स्वतः सेटिंग करून जॉब काढायला मिळतो का? मोजमापाची साधनं कपाटात आहेत की टेबलावर? अ‍ॅप्रेंटिसशिप कोणत्या कंपनीत, आणि तिथे मुलं मशीन बदलून काम करतात का? गेल्या वर्षीची दोन मुलं भेटतील का?

आणि कोपऱ्यातल्या डब्यात बघा. मोडकी टूल्स आणि बिघडलेले जॉब्स पडलेले दिसले तर खुशाल घाला. तिथे पोरं काहीतरी करतायत. सगळं चकाचक असेल, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर हार, तर नमस्कार करून परत या :-)