एका दिवसात गेलेली सवलत

अमेरिकेतील सरकारी महाविद्यालये आपल्या राज्याच्या रहिवाशांकडून कमी शुल्क घेतात. परराज्यातून येणाऱ्यांना कित्येक ठिकाणी दुपटीहून अधिक रक्कम भरावी लागते. टेक्सास राज्याने २००१ साली कायदा करून, तीन वर्षे राज्यात राहून तेथेच हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांना, त्यांच्यापाशी अधिकृत कागदपत्रे नसली तरी, ही सवलत दिली. असा कायदा करणारे ते पहिले राज्य होते.

दिनांक ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने या कायद्याविरुद्ध दावा गुदरला, राज्य सरकारने विरोध न करता संमती दिली आणि त्याच दिवशी न्यायालयाने त्याची अंमलबजावणी कायमची रोखली. विद्यार्थ्यांची बाजू मांडणारे तेथे कोणीच नव्हते, हे आम्हांला निकालापेक्षाही अधिक खटकते.

कायद्याचा पेच मात्र खरा आहे. अवैध वास्तव्य असलेल्यास ‘रहिवासी’ म्हणून उच्च शिक्षणात सवलत द्यावयाची, तर ती कोठेही राहणाऱ्या प्रत्येक अमेरिकन नागरिकास खुली हवी, असे १९९६ चा केंद्रीय कायदा सांगतो. कॅलिफोर्नियाने २००१ मध्येच रहिवासाऐवजी तेथील हायस्कुलातील तीन वर्षांच्या शिक्षणाची अट घातली. त्यामुळे परराज्यात राहणारे, पण तेथे शिकलेले नागरिकही पात्र ठरले. याच मुद्द्यावर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो कायदा वैध ठरविला. टेक्सासची अट रहिवासाचीच राहिली. ती शब्दरचना विधिमंडळाला चोवीस वर्षांत केव्हाही बदलता आली असती. तिचा भुर्दंड आता पदवीच्या मध्यावर असलेल्या मुलांच्या माथी आला आहे.