गुरुवारचा सिनेमा

आमच्या चाकणमध्ये आठवड्याला दोन सुट्ट्या असतात. शाळा-कचेऱ्यांची रविवारची आणि बऱ्याचशा कारखान्यांची गुरुवारची. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणजे माझा रविवार. बायको वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे, म्हणजे तिचा गुरुवार. माझ्या सुट्टीला ती पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असते आणि तिच्या सुट्टीला मी फळ्यासमोर. औद्योगिक वसाहतीत नवरा-बायको दोघं कमावणारी हजारो घरं अशीच चालतात, आम्ही काही वेगळे नाही.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आम्ही भांडलो कमी. फार प्रेम आहे म्हणून नव्हे. भांडायलाही दोघं एका वेळी जागे असावे लागतात. रात्री तासभर मिळायचा, त्यात तिच्या हातात तिचा मोबाईल आणि माझ्या हातात माझा. एकदा दोघांच्या मोबाईलवर एकच विनोदी व्हिडिओ दोन-तीन सेकंदांच्या फरकाने सुरू झाला. ती तिकडे हसली, मी इकडे हसलो. लेक अभ्यासावरून डोकं वर न काढता म्हणाली, "अब्बा, आवाज डबल येतोय."

मागच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात आम्ही ठरवलं की वर्षभर दर गुरुवारी रात्री, इशाची नमाज झाली की, एक सिनेमा पाहायचा. वर्षाचे बावन्न. एका आठवड्याला माझी निवड, पुढच्या आठवड्याला तिची. दुसऱ्याने निवडलेला सिनेमा नाकारायचा नाही. मोबाईल कपाटात. ज्याला मध्येच झोप लागेल त्याने उरलेला भाग पुढच्या गुरुवारच्या आत एकट्याने पाहून संपवायचा. थिएटरचा विचारच केला नाही. चौघांची तिकिटं परवडत नाहीत, आणि नाशिक रस्त्यावरच्या गर्दीत गाडी घातली तर मध्यंतरालाच पोहोचायचो. घरचा टीव्ही बरा.

बाजारातून एक हजेरीपट विकत आणला. बी.एड.ला पाठ टाचणाच्या वह्या भरून भरून मला रकान्यांची सवय लागली आहे. तारीख, सिनेमा, निवड कोणाची, आणि कोण झोपलं. पाचवा रकाना नंतर आला.

काही मित्र म्हणाले, सिनेमा मौजेसाठी असतो, त्याचा कसला संकल्प करता? मला हा आकडा महत्त्वाचाच वाटतो. नुसतं "कधीतरी बघू" म्हटलं असतं तर चौथ्या आठवड्यात आम्ही आपापल्या मोबाईलकडे परतलो असतो. हजेरीपटातला रिकामा चौकोन शिक्षकाला सहन होत नाही. 'कोर्ट'ला ती विसाव्या मिनिटाला झोपली (माझी निवड होती, आणि तो सिनेमा मला अजूनही मोठा वाटतो), पण मंगळवारी पहाटे डबा करता करता तिने तो पूर्ण केला, फक्त चौकोनासाठी.

दुसरा आक्षेप आपल्यातला. मशिदीतले एक बुजुर्ग, माझ्यावर खरोखर माया असलेले, म्हणाले, "सर, आप जैसे लोग भी?" त्यांचा मान ठेवूनच लिहितो. ज्यांना सिनेमा मुळातच नको त्यांच्याशी माझा वाद नाही, तो त्यांचा तकवा आहे. पण ज्या घरात रात्री एक वाजेपर्यंत पाच पांघरुणांखाली पाच मोबाईल चमकतात, त्या घराने बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर लावलेल्या सिनेमाकडे बोट दाखवू नये. एकट्याने पाहिलेलं कुणाला दिसत नाही, इतकाच फरक. रमजानमध्ये आम्ही महिनाभर थांबलो, तेव्हा ते चौकोन रिकामे राहिले आणि त्याचं काही वाटलंही नाही.

तिची पहिलीच निवड होती 'अशी ही बनवाबनवी'. १९८८चा सिनेमा. तिने तो किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. मी मनात म्हटलं, गेला गुरुवार. चौघा तरुणांना पुण्यात डोक्यावर छप्पर हवं असतं आणि लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देते, म्हणून दोघं साड्या नेसतात, हे महाराष्ट्राला पाठ आहे. आम्हीही हसलो. हसता हसता ती म्हणाली, "त्यांना बायको नव्हती म्हणून घर मिळेना. आपल्याला बायको असून मिळालं नाही."

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही या गावात भाड्याचं घर शोधत होतो. एका ठिकाणी खोल्या पाहिल्या, अनामत ठरली, चहासुद्धा झाला. मग घरमालकांनी नाव विचारलं. मी आडनाव सांगितल्यावर त्यांना अचानक आठवलं की पुतण्या पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे. असे तीन पुतणे आम्हाला त्या उन्हाळ्यात भेटले. या गोष्टीबद्दल आम्ही नवरा-बायको पंधरा वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. मला वाटायचं ती विसरली, तिला वाटायचं मला लाज वाटते. त्या रात्री लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर पदर सावरत होते आणि आम्ही एक वाजेपर्यंत त्या उन्हाळ्याबद्दल बोलत बसलो. मी एकट्याने तो सिनेमा कधीच पुन्हा लावला नसता, आणि लावला असता तरी नुसता हसून झोपलो असतो.

मग माझी पाळी. उर्दूचा मास्तर म्हणून मी जुने 'मुस्लिम सोशल' काढले. 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३). झुंबरं, शेरवान्या, लखनौ आणि अलीगढ, बुरख्याच्या घोळात गुंतलेलं प्रेम. भाषा अशी की कानाला मध. मी वाहवा करत होतो. ती पाय चेपत बसली होती. म्हणाली, "ये लोगां अपने नहीं जी."

तिचं माहेर खेड तालुक्यातलं. वडील कांदा करायचे आणि बैलगाडीने, पुढे टेम्पोने, चाकणच्या बाजारात आणायचे. घरात दखनी, दारात मराठी. तिच्या घरात कुणी कुणाला कमरेत वाकून आदाब केलेला नाही. हिंदी सिनेमातला मुसलमान एक तर नवाब असतो, नाही तर बादशहा, नाही तर गेल्या तीसेक वर्षांत हातात बॉम्ब असलेला. 'गर्म हवा'तला बलराज साहनींचा सलीम मिर्झा किंवा 'मम्मो' पाहिला की बरं वाटतं, पण तीही आग्र्याची आणि मुंबईची उर्दू घरं. कांद्याच्या चाळीतला, पंचायत समितीत खेटे घालणारा, "काय राव" म्हणणारा मुसलमान कुठे आहे? त्या रात्री तिने पट्टी घेऊन हजेरीपटात पाचवा रकाना आखला. त्यावर लिहिलं: 'आपल्यासारखं कुणी?'

हा रकाना आखल्यापासून सिनेमा पाहण्याची आमची नजर बदलली. ऐतिहासिक सिनेमा संपला की बाहेर पडताना आपण पाय जरा लवकर उचलतो, हे माझ्या मराठी मुसलमान वाचकांना सांगायला नको. शाहिस्तेखानाने १६६० मध्ये वेढलेला संग्रामदुर्ग आमच्या गावातच आहे. फिरंगोजी नरसाळ्यांची लढाई मी वर्गात उर भरून शिकवतो, आणि मधल्या सुट्टीत माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याला कोणी "खानाच्या पोरा" म्हणून जातं. त्या पोराला दाखवायला दुसरं काही हवं ना?

ते सापडलं, थोडं, पण सापडलं. 'सैराट'मधला सल्या. सलीम. त्याच्या मुसलमान असण्याचं सिनेमात कुणाला काही करायचं नसतं. तो सोलापूरकडची मराठी बोलतो, मित्रासाठी मार खातो. 'टिंग्या' (२००८) तर आमच्या वरच्या अंगाचा, जुन्नरचा. मंगेश हाडवळे तिथलेच. बैलाला खाटकाकडे द्यायचा नाही म्हणून रडणारा टिंग्या आणि त्याच्या शेजारची रशिदा, जिची आजी आजारी आहे. आजी म्हातारी झाली तर तिला औषध, मग बैल जायबंदी झाला तर त्याला कसाई का, असा पोराचा सवाल. कसाई म्हटला की आमच्यातला कुणीतरी दात विचकत उभा करायचा, ही सोपी वाट होती. या सिनेमात मुसलमान घर हे शेजारचं घर आहे, दुखण्याखुपण्यात बुडालेलं. बायको रडली. रशिदासाठी की बैलासाठी, ते मी विचारलं नाही.

हिवाळ्यात तिने 'हलाल' लिहिलं.

तीन तलाकवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ऑगस्ट २०१७ मध्ये आणि शिवाजी लोटन पाटलांचा हा सिनेमा त्याच वर्षी चित्रपटगृहात लागला. मी तेव्हा तो न पाहताच चार ठिकाणी त्याच्याविरुद्ध बोललो होतो. आता म्हणालो, पोरगी मोठी होतेय, घरात नको. म्हणालो, आपल्या दुखण्याचा बाजार. ती एवढंच म्हणाली, "नाकारायचं नाही, हा कायदा तुम्हीच केलात."

कथा राजन खान यांची आहे, त्यामुळे बाहेरच्याने लिहिलं असं म्हणायची सोयही नव्हती. तलाक देऊन बसलेला नवरा, बायको परत हवी तर आधी तिचा दुसऱ्याशी निकाह, आणि तो दुसरा म्हणजे गावचा मौलाना. काही प्रसंग मला ओढूनताणून आणलेले वाटले, अजूनही वाटतात. पण गाव माझं होतं. भाषा माझी होती. पंचाईत भरते आणि जिच्या आयुष्याचा निकाल लागायचा तिला सोडून सगळे बोलतात, ती सतरंजीही माझ्या ओळखीची होती.

सिनेमा संपल्यावर बायको म्हणाली, "त्या बैठकीत तुम्हीही होता."

माझ्या मावसबहिणीचा तलाक झाला तेव्हा खानदानातला शिकलेला म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. मी घराण्याच्या इज्जतीबद्दल दोन वाक्यं बोललो आणि नंतर गप्प बसलो. मेहेरचा विषय निघाला तेव्हाही गप्प. बायको आतल्या खोलीत बायकांत बसून सगळं ऐकत होती. बारा वर्षं तिने हे माझ्याजवळ काढलं नव्हतं. मी तिला काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीला फोन लावला. तिने विचारलं, "क्या काम था भाई?" काम काहीच नव्हतं. मग बोलत राहिलो. हे सगळं इथे तिला विचारूनच लिहितो आहे.

यावर कुणी म्हणेल, हे बोलायला सिनेमा कशाला हवा? समोरासमोर बोला की. बोलणाऱ्यांनी जरूर बोलावं. आमच्या पिढीच्या नवरा-बायकोला समोरासमोर बसून "मला तुझं त्या दिवशीचं वागणं लागलं" असं म्हणता येत नाही. शेजारी शेजारी बसून, समोर तिसऱ्याची गोष्ट चालू असताना म्हणता येतं.

यात नवल नाही. मराठी सिनेमाचा जन्मच एका जोडप्याच्या घरात झाला. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) बनत होता तेव्हा सरस्वतीबाई फाळके स्वयंपाक करून फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं मिसळत होत्या. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहताना बायको मला म्हणाली, बघा, इन्स्पेक्शन आणि पॅकिंग दोन्ही हिच्याकडेच.

सर्वात मोठं नवल मात्र 'संत तुकारामा'त मिळालं. १९३६चा प्रभातचा सिनेमा, १९३७ साली व्हेनिसला गौरवलेला. देहू आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आळंदीही. दरवर्षी वारीच्या दिवसांत आमचे रस्ते बदलतात. आणि हा सिनेमा केला कुणी? विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी. कागलचे फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) याच जोडीचा. मी मराठीचा शिक्षक, प्रभातचं नाव हजारदा घेतलेलं, पण श्रेयनामावलीतलं ते नाव थांबवून वाचायला गुरुवारच लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, शेख? खरंच?" त्याचंही आडनाव शेख.

वर्षाचा शेवटचा सिनेमा माझ्या निवडीचा, 'शेजारी'. शांतारामबापूंचा, १९४१चा. कथा विश्राम बेडेकरांची. मुसलमान मिर्झा साकारला गजानन जागीरदारांनी आणि हिंदू जिवबा केशवराव दात्यांनी. हिंदी 'पडोसी'त जागीरदारच मिर्झा राहिले आणि हिंदू शेजाऱ्याची भूमिका मजहर खान यांना दिली, म्हणजे माणसं मुद्दाम अदलाबदल करून. पाकिस्तानचा ठराव होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जिवाभावाच्या दोन म्हाताऱ्यांच्या गावात धरण बांधणारा कारखानदार येतो. त्याला जमीन हवी आहे, आणि गाव एक आहे तोवर ती मिळणार नाही, म्हणून तो आधी या दोन घरांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघे म्हातारे एकत्र जातात.

सासऱ्यांची निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. मोबदल्यावरून त्यांचं बांधाशेजारच्या पाटलांशी बोलणं तुटलं ते तुटलंच. दोघेही आता हयात नाहीत. दोघांमध्ये धर्माचा काही संबंध नव्हता, पण पुढे गावाने तो जोडून दिला. बायको पडद्याकडे पाहत राहिली. मी मध्ये बोललो नाही.

बावन्नपैकी एक्केचाळीस झाले. रमजान, दोन लग्नं, तिच्या जादा पाळ्या, एकदा माझं निवडणुकीचं काम. त्या शेवटच्या ओळीत 'कोण झोपलं' खाली तिने 'कुणी नाही' लिहिलं आणि पाचव्या रकान्यात 'मिर्झा आणि जिवबा, दोघेही'. मी म्हटलं, जिवबा कसा? ती म्हणाली, माझ्या बापासारखा बसतो तो.

नवा हजेरीपट आणला आहे. पहिली पाळी तिची. तिने पुन्हा 'बनवाबनवी' लिहिलं आहे, आणि नाकारायचं नाही हा कायदा आहे.