एका शस्त्राची तीन कामे

वाचकहो, या सदरातून आजवर आपण घरच्याच गोष्टी बोलत आलो आहोत. मुलांचे अक्षर, परप्रांतात वाढलेल्या नातवंडांचे मराठी, वडिलोपार्जित वास्तूची वाटणी, असे आपले विषय. आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठी पडेल. परंतु तोही एका घरात उद्भवलेला आहे, आणि ते घर माझ्या थोरल्या बहिणीचे आहे.

माझा भाचा येथे सुरतेत महिधरपुऱ्याच्या हिरे बाजारात दलाली करतो. खिशात कागदाच्या चिमुकल्या पुड्या आणि त्या पुड्यांत दुसऱ्याची लक्षावधी रुपयांची दौलत, असा हा धंदा. शिवाय मांडवी तालुक्यात त्याची थोडी उसाची जमीन आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या ओळखीच्या एका दलालाला भर रस्त्यात लुटले. दुसऱ्याच रविवारी भाचा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, मी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करणार आहे. तुम्ही शाळेत एन.सी.सी. चालवलीत, मुलांना नेमबाजी शिकवलीत. असे एखादे मध्यम आकाराचे शस्त्र सुचवा, की जे क्लबात नेमबाजीलाही चालेल, शेतावरही उपयोगी पडेल आणि बाजारात कमरेलाही लावता येईल."

एका दामात तीन कामे हा आपल्या मध्यमवर्गाचा जुनाच हिशेब. त्यातून कायद्याची बंधनेही आहेतच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनांहून अधिक अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत. तेव्हा भाच्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्याला म्हटले, "तिन्ही कामे एकेक करून तपासू."

आधी शेताचे पाहिले. दक्षिण गुजरातेत उसाच्या फडात बिबट्याचे वास्तव्य ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रानडुकरांचा उपद्रव तर नित्याचाच. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. प्रत्यक्ष जिवावर बेतले तर कायदा आत्मरक्षणाची मुभा देतो. मात्र ती गोळी झाडण्याची परवानगी समजणे म्हणजे मोठी चूक. आणि कायदा बाजूला ठेवला तरी अंधाऱ्या फडात, धावत्या जनावरावर, आखूड नळीच्या शस्त्राने नेम धरणे हे चित्रपटातच शोभते. जखमी रानडुक्कर हे धडधाकट रानडुकराहून कितीतरी भयंकर. शिवाय चुकलेली गोळी फडात विरघळून जात नाही. तोडणीच्या दिवसांत खानदेशातून आणि डांगातून आलेली मजूर कुटुंबे शेताच्या कडेलाच झोपड्या घालून राहतात. त्यांची लेकरे तेथेच निजलेली असतात. पीकरक्षणासाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, रिव्हॉल्व्हरचा नाही, याचे मर्म यातच आहे. शेतावर हवा चांगला विजेचा झोत, बळकट कुंपण आणि वनखात्याच्या माणसाशी ओळख. अशा रीतीने तिघांतले एक काम गळाले.

दुसरे काम नेमबाजीचे. आपल्याकडे ९ मिलिमीटर, .३८० आणि .४५५ ही लष्करी-पोलिसी मापे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. म्हणून देशी रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुधा.३२ मापाचेच हाती येते. पुष्कळ लोक या मापाला नाक मुरडतात. हे काडतूस १८९६ सालचे, अमेरिकेत जन्मलेले, आणि आघात करण्याच्या बळात त्याहून मोठ्या मापांपुढे खरोखरच उणे. परंतु गंमत अशी, की पंचवीस मीटरच्या सेंटर फायर स्पर्धांत जगभरचे कसलेले नेमबाज याच काडतुसाला मान देत आले आहेत. कारण त्याचा धक्का सौम्य आणि नेम अचूक. १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी सुवर्णपदक जिंकले, ते याच प्रकारात. अर्थात स्पर्धेची पिस्तुले निराळी असतात. त्यांची मूठ हाताच्या मापाने घडवलेली आणि चाप अगदी हलका. कमरेच्या शस्त्राने पदके मिळत नाहीत. त्याने क्लबात करायचा तो सराव. तो छंद नव्हे, शस्त्र बाळगणाऱ्याचे कर्तव्य आहे.

राहिले तिसरे काम, जवळ बाळगण्याचे. खरी निवड करायची ती येथे. लांब नळीवर नेमाची दोन टोके एकमेकांपासून दूर पडतात, म्हणून नेम सोपा जातो. पण सदऱ्याखाली ती लपत नाही. दोन इंची नळी लपते; पण तिने नेम साधायला वर्षानुवर्षांची साधना लागते. तीन इंचांची नळी हा मधला मार्ग. वजनाचेही तसेच. २०१४ साली कानपूरच्या आयुधनिर्माणीने 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन अवघे ५०० ग्रॅम. पुढे २०२१ मध्ये या निर्माणींच्या सरकारी कंपन्या झाल्या आणि त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणले. त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच. जुन्या देशी रिव्हॉल्व्हरांचा सांधा मोडून नळी पुढे झुकवावी लागे. यात काडतुसांचे चक्र बाजूला उघडते.

भाच्याचा ओढा हलक्याकडे. दिवसभर बाळगायचे, तर ५०० ग्रॅमच बरे, हा त्याचा विचार. मी त्याला म्हणालो, "शस्त्र जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला अधिक. ज्याचा धक्का बोचतो त्याचा सराव माणूस टाळतो, आणि ज्याचा सराव नाही ते शस्त्र कमरेला लावून हिंडणे म्हणजे पोहता येत नसताना तापीत उडी घेणे. दोनशे ग्रॅमचा भार कमरेला सोसेल. सराव मात्र कुणाकडून उसना आणता येत नाही."

"पण मामा, चार हातांवरच्या माणसाला नेम कशाला लागतो?" त्याने विचारले. तेव्हा मी त्याला इतिहासाच्या तासातली गोष्ट सांगितली. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. तरुण निधड्या छातीचा, मनाची सारी तयारी करून आलेला, अंतर हातभराचे. तरीही हॉटसन बचावला. आणि लुटारू तर तुला तयारीला क्षणही देणार नाही. दोघे जण मोटारसायकलवरून मागून येतात. तू सदरा वर करीपर्यंत पुडी गेलेली असते. आणि त्यांनी ते शस्त्र पाहिले तर पुडीबरोबर तेही जाते, कदाचित त्याहून मोलाचे काही.

तो गप्प झाला. मग मी त्याला ती गोष्ट सांगितली, जी पन्नास वर्षांत आमच्या घराबाहेर गेलेली नव्हती.

आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या पोलिसात होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आजोबा यथाकाल निवृत्त झाले. पण परवान्यावर घेतलेले त्यांचे एक जुने रिव्हॉल्व्हर घरी राहिले. देवघरातील लाकडी पेटीत सोवळ्याच्या कपड्यांखाली ते असे. पेटीला कुलूप होते, आणि किल्ली देवांच्या मागे. घरात लहान मूल असेल तर देवांच्या मागची जागा ही गुप्त जागा नव्हे, एवढे त्या पोलिसी अनुभवाच्या माणसाला सुचले नाही. मी सात वर्षांचा असेन. भर दुपारी सारे निजलेले असताना मी ते बाहेर काढले आणि माजघरात भातुकली मांडून बसलेल्या ताईवर रोखले. ती हसली. मी चाप ओढला. चाप हलला नाही.

रिव्हॉल्व्हरची रचना अशी, की चाप ओढताना त्याच एका बोटाच्या बळाने घोडा मागे जातो, चक्र एक घर पुढे सरकते आणि मग घोडा पडतो. म्हणून तो चाप जड. सात वर्षांच्या बोटाला तो पेलला नाही. परंतु घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून अडकवला, की तोच चाप अगदी हलका होतो. हे मी आजोबांना शस्त्र पुसताना पाहिलेले होते. मी दोन्ही अंगठे घोड्यावर लावले. तो अर्ध्यापर्यंत आलाही. तेवढ्यात आजी पाण्याला उठली. तिने ओरडा केला नाही. मागून येऊन माझे दोन्ही हात धरले आणि जमिनीकडे दाबले. चक्रात काडतुसे भरलेली होती. पुढच्या सोमवारी आजोबांनी ते शस्त्र पोलीस ठाण्यात जमा केले. त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

भाच्याने विचारले, "आईने मला कधीच सांगितले नाही?" मी म्हटले, "तिने ते आठवणींतून काढून टाकले असावे. मला मात्र ते जमले नाही."

मग आम्ही कागद घेऊन बसलो. परवाना मिळणे न मिळणे हे पोलीस आयुक्तांच्या हाती. रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. परवान्याची मुदत पाच वर्षे. निवडणुका आल्या की शस्त्र जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढण्याची हौस असेल, तर २०१९ पासून तिला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सारे त्याला मान्य होते. त्याखाली मी माझ्या अटी लिहिल्या. परवाना मिळालाच तर तीन इंची नळीचे, ७०० ग्रॅमच्या आसपासचे रिव्हॉल्व्हर घ्यावे. महिन्यातून एकदा तरी क्लबात सराव करावा. ज्या वर्षी तो जमणार नाही त्या वर्षी शस्त्र विकण्याचा विचार करावा. ते शेतावर नेऊ नये. पावसाळ्यात सुरतेच्या दमट हवेत दर आठवड्याला पुसून तेलाचा हात फिरवावा. आणि भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी हवी. तीही वरच्या मजल्यावर, कारण २००६ च्या पुरात तळमजल्यांत तापी कुठवर आली होती हे आपण विसरलेलो नाही. काडतुसे निराळ्या कुलपात. किल्ली देवांच्या मागे नव्हे, अंगावर. भाच्याचा मुलगा यंदा सात वर्षांचा आहे.

तो कागद घेऊन घरी गेला आणि ताईसमोर ठेवला. नंतर भाचेसुनेने सांगितले ते असे: ताईने कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "आधी तिजोरी आण. ती रिकामी असली तरी हरकत नाही."

तिजोरी आली. वरच्या खोलीत, भिंतीत चार खिळ्यांनी जखडलेली. अर्जाचा विचार अद्याप व्हायचा आहे. दरम्यान भाच्याने बाजारात जाण्याची वेळ आणि वाट रोज बदलण्याचा परिपाठ ठेवला आहे, आणि मोठी पुडी असली की सोबत एक माणूस असतो. शस्त्र येईल किंवा येणार नाही. मागच्या रविवारी मी गेलो होतो तेव्हा तिजोरीत भाचेसुनेचे दागिने, घराची कागदपत्रे आणि मुलाच्या जन्माचा दाखला होता. किल्ली भाच्याच्या जानव्याला होती.

असो. पुढल्या महिन्यात पुन्हा भेटू.