सोवळ्यातली अभिजातता

अभिजात कला कशाला म्हणावं, या विषयावर गेल्या महिन्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात एक व्याख्यान झालं. वक्ते व्यासंगी, वाणी ओघवती, सभागृह भरलेलं. तिथे जे मांडलं गेलं ते ऐकून गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून हा लेख.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. अभिजात कला ती, जी प्राचीन असते, जी कोणाकडून काही उसनं घेत नाही, जी संयमी असते आणि जिच्यासाठी धन्याने हात आखडता घेतलेला नसतो. या चार कसोट्या लावल्या की आमच्या जिल्ह्यात अभिजात म्हणावं असं एकच ठिकाण उरतं, अजिंठा. वेरूळचं कैलास भव्य खरं, पण अलंकारांनी जड झालेलं, उतरणीला लागलेल्या काळाचं. आणि बीबी का मकबरा? ती ताजमहालाची स्वस्तातली नक्कल. तिचं नाव या पंक्तीत घेणंच चूक. यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचं मला जास्त वाईट वाटलं, कारण वाजवणारे हात याच शहरातले होते.

आधी प्राचीनतेचं बघू, कारण ते लवकर निकालात निघतं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर झाला आणि हा शब्द घरोघरी पोचला; त्याच्यासोबत दीड-दोन हजार वर्षांचा हिशेबही पोचला. भाषेपुरता तो हिशेब ठीक आहे. पैठणच्या सातवाहनांशी जोडलेली गाथासप्तशती आपल्या पदरी आहे, याचा मलाही अभिमान वाटतो. पण तीच कसोटी उचलून इमारतींना लावणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. अजिंठ्याचं दहावं लेणं इसवी सनापूर्वीचं, पहिलं लेणं पाचव्या शतकातलं. नुसतं वय बघायचं तर दहाव्या लेण्यापुढे पहिल्यातल्या पद्मपाणीला दुय्यम ठरवावं लागेल. तसं वक्तेही म्हणणार नाहीत.

पैशाचा मुद्दा त्याहून पोकळ. मकबऱ्यावर 6,68,203 रुपये खर्च झाल्याची नोंद ‘तारीखनाम्या’त आहे असं सांगतात. तो आकडा ताजच्या खर्चाशेजारी ठेवून वक्त्यांनी हशा मिळवला. खर्चावर अभिजातता ठरत असेल तर अजिंठ्याची चित्रं कुठे ठेवायची? ती मातीत भुसा आणि तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत.

आता मुख्य मुद्दा, नक्कल. इथे मी थांबणार आहे, कारण आमच्या शहराचा पाणउतारा गेली कित्येक वर्षं याच एका शब्दाने होत आला आहे.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात जा. गावातली माणसं त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, आणि सुतार मंडळी आतल्या बुद्धाला विश्वकर्मा मानून हात जोडत आली आहेत. आत गेल्यावर मान वर करा. कमानदार छतावर एकामागून एक दगडी फासळ्या वळवत नेलेल्या दिसतील. लाकडी इमारतीत अशा फासळ्या छत पेलतात. इथे पेलायला काहीच नाही. वर अखंड डोंगर आहे आणि तो आपल्या बळावर उभा आहे. उलट फासळी उठून दिसावी म्हणून कारागिराला दोन फासळ्यांमधला दगड तासून काढावा लागला. साधं गुळगुळीत छत ठेवलं असतं तर कष्ट वाचले असते. त्याने ते वाचवले नाहीत, कारण चैत्यगृह असंच दिसतं हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं होतं. त्याच्या आधीच्या चैत्यगृहांचं मूळ लाकडात होतं. कार्ल्याला तर डोंगरात कोरलेल्या छताखाली खरोखरच्या लाकडी फासळ्या बसवल्या आणि त्या आजही जागेवर आहेत. पुढे लाकूड गेलं, त्याचा आकार दगडात राहिला. वक्त्यांच्या अजिंठ्यात तरी निराळं काय आहे? एकोणिसावं आणि सव्विसावं लेणं पाहा. त्याच फासळ्या, दगडातली तीच सुतारकी. नक्कल म्हणून मकबरा बाद करायचा असेल तर ही दोन्ही चैत्यगृहं आधी बाद करावी लागतील. ग्रीसला पळून जाऊनही सुटका नाही. पार्थेनॉनच्या खांबांवरच्या दगडी पट्टीत ज्या तीन-तीन उभ्या पट्ट्या कोरल्या आहेत, तो आकार लाकडी तुळयांच्या टोकांवरून आला, असं रोमन स्थपती विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

कैलासाची कथा याहून बोलकी. आठव्या शतकाच्या सुरुवातीला पल्लव राजा राजसिंहाने कांचीला कैलासनाथाचं देऊळ उभारलं. बदामीच्या चालुक्य विक्रमादित्य दुसऱ्याने कांची जिंकली, पण ते देऊळ लुटलं नाही. तिथली संपत्ती देवाला परत केली आणि तसा कानडी लेख त्याच देवळात कोरवला. त्या विजयाप्रीत्यर्थ त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, पट्टदकलला जे देऊळ बांधलं ते आजचं विरूपाक्ष मंदिर, आणि त्याच्यावर कांचीची छाप उघड आहे. मग राष्ट्रकूटांनी चालुक्यांना हरवलं आणि कृष्णराज पहिला याच्या काळात वेरूळच्या डोंगरात कैलास उतरलं. पट्टदकलचं विरूपाक्ष पाहून आलेल्या माणसाला वेरूळला शिरताच ओळख पटते: तेच गोपुर, तोच सुटा नंदीमंडप, तोच सभामंडप, तेच थराथराने चढत जाणारं शिखर. प्रत्येक जेत्याने जिंकलेल्याच्या देवळापासून धडा घेतला. यात कोणाला कमीपणा वाटला नाही. आणि पट्टदकलचं देऊळ चिऱ्यावर चिरा ठेवून बांधलेलं, तर कैलास वरून खाली एकाच खडकातून कोरत आणलेलं. थर रचण्याची गरजच नसलेल्या दगडात थर रचल्याचा आभास कोरला आहे. वक्त्यांच्या व्याख्येनुसार ही नकलेची नक्कल झाली. असं म्हणायची छाती असेल तर त्यांनी वेरूळच्या अंगणात उभं राहून म्हणावं.

आता मकबरा. ताजसुद्धा आकाशातून पडलेला नाही. त्याच्याआधी दिल्लीला हुमायूनची कबर होती, चारबाग होती, चौथऱ्यावरचा संगमरवरी घुमट होता. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 साली वारली आणि तिची ही कबर 1660-61 च्या सुमारास पुरी झाली. स्थपती अताउल्ला हा ताजचे प्रमुख स्थपती मानले जाणारे उस्ताद अहमद लाहौरी यांचा मुलगा. मुलाने बापाची विद्या चालवली, याला आपण इतर कुठल्याही घराण्यात परंपरा म्हणतो. गवयाच्या मुलाने बापाची बंदिश गायली तर त्याला कोणी नक्कलखोर म्हणत नाही, उलट तालीम पक्की आहे म्हणून मान डोलावतो.

आणि त्याने काय केलं तेही पाहायला हवं. संगमरवर भिंतींच्या खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला. मधला सगळा भाग इथल्या काळ्या दगडाचा, त्यावर घोटून चकाकी आणलेला चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी. दुपारच्या उतरत्या उन्हात त्या भिंतीला अगदी जवळून बघा. चुन्यात उठवलेल्या पाकळीच्या कडेला नखाएवढी सावली पडते. पॉलिश केलेल्या संगमरवरात रत्नं जडवून ती सावली मिळत नाही. चुन्यातलं नक्षीकाम ही दख्खनची जुनी विद्या, आणि उत्तरेकडून आलेल्या आराखड्याला ती इथे येऊन मिळाली. आत गेल्यावर तर ताजची आठवणही पुसते. कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत, आणि आपण वरच्या सज्जातून खाली वाकून तिच्याकडे बघतो. ताजमध्ये माणूस दर्शनी, प्रतीकात्मक कबरीच्या पातळीवर असतो. इथे त्याला मान लववावी लागते. हा निर्णय कोणाची नक्कल आहे, ते सांगावं.

मकबऱ्यात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. चौथऱ्याच्या कोपऱ्यांवरचे मिनार घुमटाला जवळ आले आहेत, इमारत अंग चोरून उभी असल्यासारखी वाटते. आणि पश्चिमेला नंतर बांधलेल्या मशिदीने दोन्ही बाजूंचा तोल बिघडवला. दोष दाखवायचे तर हे दाखवा. पण ते प्रमाणाचे दोष आहेत, नकलेचे नाहीत, आणि त्यासाठी इमारत डोळे उघडून पाहावी लागते.

शुद्धतेचं वेड जुनंच आहे. अजिंठ्यात इराणी हात होता की नव्हता, ग्रीक छाया होती की नव्हती, यावर आमच्याकडे कधीकाळी हमरीतुमरीवर येऊन वाद झाले. एका पक्षाला परका हात दिसला की अभिमान दुखायचा, दुसऱ्याला तो दिसला नाही तर चैन पडायचं नाही. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या घातलेली परदेशी माणसं बसलेली आहेत, आणि भिंतीवरचा तो गर्द निळा अफगाणिस्तानच्या डोंगरातून आलेल्या लाजवर्दाचा आहे. ज्या चित्रकाराने तो निळा हातात घेतला, त्याला त्यात विटाळ वाटला नाही. नकलेला हसणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्यात बसून चित्रांच्या प्रती काढत होते. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं काढलेल्या प्रतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत 1866 साली जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्याही पुष्कळ प्रती पुढे आगीत गेल्या. पण ज्या वाचल्या आणि छापल्या गेल्या, त्यांच्यावरून आज भिंतीवर न उरलेले तपशील आपल्याला कळतात. अजिंठा जगाला दिसला तो आधी नकलांमधून.

संयमाची कसोटी राहिली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत फुलं, पक्षी, हत्ती, वेली यांनी भरलेलं आहे. तळहाताएवढी जागा मोकळी सोडलेली नाही. आज काळंकरडं दिसणारं कैलास एके काळी गिलाव्याचं आणि रंगीत होतं. त्याला ‘रंगमहाल’ म्हणत, आणि मंडपाच्या छतावर रंगांचे तुकडे अजून आहेत. पार्थेनॉनही रंगवलेलं होतं. पाऊसवाऱ्याने रंग धुऊन नेले आणि उरलेल्या उघड्या दगडाला आपण संयम समजलो.

मग अभिजात कशाला म्हणायचं? माझं उत्तर छोटं आहे. शिकून घेतलेला नमुना नव्या जागेच्या, नव्या दगडाच्या, नव्या हाताच्या अटी मान्य करून इतका पक्का उतरतो की त्यातला एक भाग हलवला तर सगळं हलतं, आणि पुढचे लोक आपलं काम मोजायला त्याच्याकडे वळतात, ते अभिजात. कैलास कोरणाऱ्याला पहिला घाव घालण्याआधी शेवटचं पायथ्याचं माप ठाऊक असावं लागलं, कारण कोरून काढलेला दगड परत बसवता येत नाही. ही शिस्त अभिजाततेची. ती अजिंठ्यात आहे, कैलासात आहे, आणि थोड्या कमी प्रमाणात मकबऱ्यातही आहे. बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्याची पाणचक्की दुरून नळातून आणलेलं पाणी विटांच्या खांबात चढवून, वरून पाडून जातं फिरवत होती. तिलाही मी या पंक्तीत बसवतो.

या शहरातल्या गाइड मंडळींना, शिक्षकांना आणि सहलीला मुलं घेऊन जाणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मकबऱ्यात शिरताना ‘गरिबांचा ताज’ हे शब्द तोंडातून काढू नका. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय, एक स्थपती आणि एक अभियंता, अशी दोन नावं कोरलेली आहेत. आधी ती मुलांना सांगा, मग आत न्या.