खुब्याचा सांधा बदलताय? आधी मणक्याचा विचार करा

"डॉक्टर, ऑपरेशन पुढून केलेले चांगले की मागून?" अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे, म्हणजे मणक्याच्या दाहक संधिवाताचे रुग्ण हल्ली हा प्रश्न वारंवार विचारतात. माझे मत असे की, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न मणक्याचा आहे.

हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मणके हळूहळू एकमेकांना जुळून पाठ ताठ होते. साधारण चारपैकी एका रुग्णाचा खुबाही धरला जातो. पिकाला पाणी देणे, मोटारसायकलवर बसणे, शौचाला बसणे, सगळेच अवघड होते. नवी दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २००८ मध्ये अशा ५४ रुग्णांच्या ९२ खुब्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या रुग्णांचे सरासरी वय होते अवघे २५ वर्षे!

ताठ मणक्याने काय बिघडते?

आपण खाली बसतो तेव्हा कंबरेचे हाड मागे कलते आणि मांडीला वर यायला जागा मिळते. पाठ ताठ असेल तर हे कलणे थांबते. मग मांडीचे हाड कृत्रिम वाटीच्या पुढच्या कडेला अडते आणि गोळा मागे निखळू शकतो. उलट, पोक आलेल्या रुग्णाचे कंबरेचे हाड उभे असतानाही मागे कललेले असते. त्याची वाटी नेहमीच्या मापाने बसवली तर गोळा पुढे निखळण्याची भीती असते. एम्सच्या त्या ९२ खुब्यांपैकी ४ खुबे पुढच्या बाजूलाच निखळले होते. म्हणून वाटीचा कोन प्रत्येक रुग्णासाठी वेगळा ठरवावा लागतो.

मग मार्ग कोणता?

मागून: सर्जनला सांधा मोकळा दिसतो आणि गरज पडल्यास छेद वाढवता येतो. पूर्ण जखडलेल्या खुब्यात हे उपयोगी पडते. मात्र मागचे छोटे स्नायू सोडवून पुन्हा शिवावे लागतात.

पुढून: स्नायूंच्या मधून वाट काढतात. रुग्ण उताणा असल्याने दोन्ही खुबे एकाच वेळी करायचे असतील तर कूस बदलावी लागत नाही. पण पोक असेल किंवा पाय वाकून जखडला असेल, तर नीट झोपवणे आणि मांडीच्या हाडापर्यंत पोचणे कठीण जाते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणाही येऊ शकतो.

बाजूने: मागे निखळण्याचा धोका कमी असतो, पण काही रुग्ण लंगडतात.

या आजारात एकच मार्ग सर्वांसाठी सरस आहे, असे सिद्ध झालेले नाही. सर्जनचा हात ज्या मार्गावर बसलेला आहे, तोच बहुधा तुमच्यासाठी सुरक्षित. मोबाइलवरच्या जाहिरातीवरून मार्ग निवडू नका.

सर्जनला हे जरूर विचारा

१. माझा उभा आणि बसलेला, असे दोन्ही एक्स-रे पाहून वाटीचा कोन ठरवणार का?
२. जखडलेल्या खुब्याची ऑपरेशन्स तुम्ही किती केली आहेत?
३. माझी मान वळत नाही. भूलतज्ज्ञ मला आधी तपासतील का?
४. सांध्याभोवती नको तिथे हाड वाढू नये म्हणून काय करणार?
५. पोकाचेही ऑपरेशन लागणार असेल तर आधी कोणते?

बायोलॉजिक इंजेक्शन किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशनची तारीख आणि औषधाचा डोस यांचा मेळ संधिवाततज्ज्ञ घालून देतील. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले योजनेची चौकशी करा.

नगरहून पुण्याला किंवा लोणीला दाखवायला जाताना खुब्याबरोबर मणक्याचे जुने एक्स-रेही पिशवीत टाका. सर्जनने ते मागितले नाहीत, तर तुम्ही होऊन पुढे करा.