पायांस मुंग्या येतात तेव्हां

घरांतील वडील माणसें ‘पायांस मुंग्या येतात, तळवे जळजळतात’ असें म्हणूं लागलीं कीं, ‘आतां वय झालें’ एवढें बोलून आपण तो विषय संपवितों. वयाच्या माथीं दोष मारणें सोपें असतें. परंतु कधीं कधीं खरें कारण उशाशीं ठेविलेल्या औषधाच्या डबींत असतें, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

शरीरांतील सर्वांत लांब मज्जातंतु पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून त्यांचें पोषण बिघडलें कीं पहिली वर्दी बहुधा पायांकडूनच येते. प्रथम मुंग्या, मग आग, मग बधिरपणा. पुढें चप्पल पायांतून निसटली तरी कळत नाहीं आणि अंधारांत तोल जातो.

औषधानें असें घडतें याचें प्रसिद्ध उदाहरण क्षयावरील आयसोनियाझिडचें. हें औषध १९५२ सालीं प्रचारांत आलें व त्यानें असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले. परंतु तें शरीरांतील बी-६ जीवनसत्त्वाच्या कार्यांत अडथळा आणतें, आणि त्यामुळें कित्येकांचे हातपाय बधिर झाले. कारण उमगतांच उपायही सांपडला. तो म्हणजे औषधासोबत बी-६ ची लहान मात्रा देणें. जुन्या वैद्यकांत औषधाबरोबर अनुपान सांगतात, तशीच ही जोडी होय. मात्र हेंच बी-६ दीर्घ काळ बेसुमार घेतल्यास तेंही मज्जातंतूंस इजा करितें.

शाकाहारी घरांस अधिक जवळचें उदाहरण मधुमेहावरील मेटफॉर्मिनचें आहे. १९५७ सालापासून वापरांत असलेलें हें औषध मोठें उपकारक खरें. तथापि वर्षानुवर्षें घेतलें असतां पुष्कळांच्या आंतड्यांत बी-१२ जीवनसत्त्वाचें शोषण कमी होतें. हें जीवनसत्त्व धान्यांत वा भाजींत नसतें. आपल्या आहारांत तें मुख्यतः दूध, दहीं व ताक यांतूनच मिळतें. आणि नातवंडांच्या पेल्यांत दूध ओतून स्वतः चहांतल्या चमचाभर दुधावर भागविणाऱ्या आजीबाई कोणत्या घरांत नाहींत? यकृतांतील सांठा कांहीं वर्षें पुरतो, म्हणून ही उणीव उशिरां उघडकीस येते. शिवाय मधुमेहानेंही पाय बधिर होतात. त्यामुळें सारा दोष साखरेवर जातो आणि दुसरें कारण कोणी शोधीत नाहीं.

हें वाचून कोणीं आपल्या मनानें औषध बंद करूं नये. तसें केल्यास मुंग्यांपेक्षां मोठें संकट ओढवेल. करावयाचें तें इतकेंच: चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, काढे व चूर्णेंसुद्धां, एका कागदावर लिहावी, मुंग्या केव्हांपासून येतात तें नमूद करावें, आणि तो कागद डॉक्टरांपुढें ठेवून बी-१२ ची रक्ततपासणी करावी काय, असें स्पष्ट विचारावें. उणीव ठरल्यास गोळ्यांनीं वा इंजेक्शनांनीं ती भरून काढितां येते. वेळीं उपाय झाला तर मज्जातंतु बरेच सांवरतात. फार उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहतो.

वडील माणसें आपलें दुखणें दोनदां सांगत नाहींत. म्हणून तें पहिल्यांदा सांगतील तेव्हांच घरच्यांनीं नीट ऐकून घ्यावें.